पाऊस उघडला की सुरू होतात डासांचे दिवस

पाऊस आला की तापाची साथ येते, असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. तलासरी-डहाणूकडे जुलैत धो-धो पाऊस कोसळतो तेव्हा ओहोळ, गटारे, भातखाचरे सगळे वाहते असते आणि डासांच्या पुष्कळ अळ्या त्या पाण्याबरोबर वाहून जातात. ताप वाढतो तो पाऊस उघडल्यावर. पाणी जागोजागी साचून राहते, वर ऊन तापते, हवा दमट असते. डासाला याहून चांगले दिवस नाहीत.

वेवजी हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका बाजूला शेती, झाडी, ओहोळ. दुसऱ्या बाजूला गुजरातची हद्द, सोळसुंबा, उंबरगावची औद्योगिक वसाहत. रानातला डास आणि वस्तीतला डास, दोघांनाही इथे जागा आहे. म्हणून आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराने हवामान आणि डास यांचे नाते समजून घेतले पाहिजे. ते कळले की काय करायचे आणि कोणत्या दिवशी करायचे हेही कळते.

डास एक नाही, तीन आहेत

हिवताप म्हणजे मलेरिया पसरवणारा अॅनाफिलिस डास रात्री चावतो. त्याला बहुधा स्वच्छ, संथ पाणी लागते: खाचराच्या कडा, ओहोळ आटताना मागे राहिलेली डबकी, विहिरी, उघड्या टाक्या.

डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. अंगावर पांढरे पट्टे असतात. तो गटारात वाढत नाही. आपल्या पिंपात, टाकीत, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत, छपरावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यात वाढतो. जन्मला त्या जागेपासून तो फार लांब जात नाही, शेदोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे आपल्याला चावणारा एडिस बहुतेक वेळा आपल्याच किंवा शेजारच्या घरातला असतो.

तिसरा क्युलेक्स. तो घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात, शोषखड्ड्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो.

गटार साफ केले म्हणून डेंग्यू जात नाही आणि पिंप झाकले म्हणून हत्तीरोग जात नाही, याचे कारण हे आहे.

उष्णतेचे गणित

डास जन्मतः रोगी नसतो. डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू डासाच्या पोटात जातो. तिथून तो लाळेपर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात. त्यानंतरच तो डास दुसऱ्याला आजार देऊ शकतो. हे दिवस हवेच्या तापमानावर ठरतात. २५ अंशाला साधारण १५ दिवस लागतात, ३० अंशाला साधारण ६ ते ७ दिवस.

आता डासाचे आयुष्य पाहा. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांत मरतात. थंड हवेत विषाणू तयार होईपर्यंत डासच मरून जातो. हवा पाच अंशांनी तापली तर तोच डास आजार पसरवायला मोकळा होतो आणि त्याच्याकडे चावण्यासाठी आठवडाभर तरी उरतो. डासांची संख्या तेवढीच राहिली तरी आजार वाढतो तो असा.

उष्णतेने अंड्याचा डास व्हायलाही कमी दिवस लागतात. एरवी ७ ते १० दिवस, गरम हवेत आठवड्याच्या आत. हिवतापाच्या जंतूचेही असेच आहे. व्हायवॅक्स जातीच्या जंतूची डासाच्या पोटातली वाढ १६ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. रात्री उबदार होत गेल्या की हा अडसर निघून जातो.

डोंगरावरचे देश आज हेच अनुभवत आहेत. नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला रुग्ण २००४ साली नोंदला गेला. २०२२ साली तिथे ५० हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि थंड समजल्या जाणाऱ्या काठमांडूतही साथ पसरली.

जास्त पाऊस, कमी पाऊस

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास केला. तो जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातली आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण विखुरलेला, अशी स्थिती असली की डेंग्यू वाढतो, असे त्यांना आढळले. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू कमी होतो. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर पुण्यात डेंग्यूचे मृत्यू २०३० पर्यंत सुमारे १३ टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्याकडे पाऊस पुण्यापेक्षा कितीतरी जास्त. पण तो चार दिवस कोसळतो आणि मग दहा दिवस उघडीप देतो. ते दहा दिवस म्हणजे अंड्याचा डास व्हायला लागणारेच दिवस.

पाऊस कमी झाला तर सुटका होते असेही नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. हा कमी पावसाचा मुलूख. पाणी रोज येत नाही तिथे माणसे ते साठवतात आणि एडिसला साठवलेलेच पाणी हवे असते. उन्हाळ्यात बाहेर डास तगत नाही, पण घरातल्या पिंपाजवळच्या सावलीत तो तगून राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. साथ आली की वस्तीतल्या बायकांना सांगितले जाते, तुम्ही पाणी साठवता म्हणून डेंग्यू होतो. नळाला रोज पाणी आले असते तर चार पिंपे भरून ठेवायची हौस कोणाला होती? आपल्या जिल्ह्यात एवढा पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की पाड्यापाड्यांवर विहिरी तळ गाठतात. सूर्या धरणाचे पाणी नळाने वसई-विरारपर्यंत जाते. पाण्याचे वाटप हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत पिंपे झाकायची आहेतच, पण दोष एकट्या पिंपाचा नाही.

हद्द माणसांना, डासांना नाही

आपल्या भागातली माणसे कामासाठी उंबरगाव-वापीला जातात, वीटभट्टीवर जातात, बोटीवर जातात. जिथे राहतात तिथे मच्छरदाणी नसते, पाणी उघड्यावर असते. काही जण अंगात हिवतापाचे जंतू घेऊन परत येतात. गावात अॅनाफिलिस असतोच. एका रुग्णापासून पाडा आजारी पडायला वेळ लागत नाही.

हद्दीवरच्या गावात आणखी एक अडचण आहे. ताप आला की जवळचा दवाखाना कधी गुजरातेत असतो. उपचार घ्यायला हरकत नाही. पण तपासणी तिकडे झाली तर इकडच्या आशाताईंना बहुतेकदा ते कळत नाही आणि घराभोवतीची पाहणी होत नाही. म्हणून उपचार कुठेही घेतले तरी रिपोर्ट आशाताईंना किंवा उपकेंद्रात दाखवा. कामावरून परतलेल्या माणसाला ताप आला तर रक्त तपासताना तो कुठून आला हे नक्की सांगा.

आठवड्यातून एक कोरडा दिवस

अंड्याचा डास व्हायला आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली तर डास जन्मालाच येत नाही. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत असतात. पहिल्या पावसाचे पाणी लागले की ती फुटतात. त्यामुळे:

पिंप, हंडे, टाकी काथ्याने आतून घासा, विशेषतः पाण्याची रेषा असते तिथे. धुतलेले पाणी जमिनीवर ओता, गटारात नको. भांडी उन्हात वाळवून भरा आणि सुती कापड बांधून झाका. रिकामी होऊ न शकणारी टाकी घट्ट झाकणाची हवी. मोठ्या टाक्यांत आणि न वापरातल्या विहिरींत गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रातून मागता येतात. टायर, करवंट्या, फुटक्या बादल्या एकाच दिवशी वस्तीबाहेर काढा.

एका घराने केले आणि शेजारच्याने नाही, तर उपयोग होत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण ग्रंथवाचनासाठी विहारात जमतोच. तिथेच सगळ्या घरांसाठी कोरड्या दिवसाचा एक वार ठरवा आणि विहाराच्या टाकीपासून सुरुवात करा. मात्र वर्षावास संपला तरी हे थांबवू नका. डेंग्यू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही जोरात असतो.

धूर फवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फवारणी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. रात्री सर्वांनी मच्छरदाणीत झोपावे. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

ताप आला तर

ताप अंगावर काढू नका. पहिल्या २४ तासांत रक्त तपासून घ्या. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. हिवतापाची तपासणी आणि औषध तिथे मोफत मिळते.

तापाला पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पाणी, पेज, ताक, ओआरएस सतत द्या. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे त्याच्यापासून डासाला विषाणू मिळणार नाही.

डेंग्यूत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. धोका नेमका त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, ग्लानी, लघवी कमी होणे, यातले एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात लपून राहतात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर काही महिन्यांनी ताप परत येतो. १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा. गरोदर बाईला, बाळाला दूध पाजणाऱ्या आईला आणि तान्ह्या बाळाला यातली एक गोळी चालत नाही. म्हणून नर्सताईंना आधी सांगा.

ग्रामसभेत काय मागायचे

तलासरी आणि डहाणू हे पेसा क्षेत्र आहे. इथल्या ग्रामसभेला आवाज आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. तो कशावर खर्च झाला ते विचारा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याचे वेळापत्रक लावून घ्या. नळ फुटून झालेली डबकी आणि बांधकामाचे खड्डे बुजवायला सांगा. भट्टीमालक आणि ठेकेदारांनी मजुरांना मच्छरदाणी आणि झाकलेली टाकी द्यावी, असा ठराव घ्या. सगळे लेखी मागा आणि पोच घ्या.

भारताने २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे ठरवले आहे. हवा मात्र डासाच्या बाजूने तापत चालली आहे. ती आपल्या एका वस्तीने थंड होणार नाही. पण डासाला लागणारे सात दिवस त्याला मिळू द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे. या आठवड्याचा वार आजच ठरवा.