छाती हलते आहे, मग माणूस गेला कसा?

इतवारीतल्या वस्तीत अपघात झाला की पेशंटला आधी मेयोत नेतात. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना कधीकधी डॉक्टर सांगतात, ‘ब्रेन डेड’. आत पाहावे तर अंग गरम, छाती खालीवर, पडद्यावर ठोके चालू. मग शंका येते: बिलासाठी ठेवला आहे, की अवयवांसाठी मेला म्हणतात?

श्वासाचा ताबा मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मेंदूस्तंभाकडे असतो. तो कायमचा बंद पडला की छाती हलवते ते व्हेंटिलेटर. हृदयाला मात्र स्वतःची लय असते. प्राणवायू मिळतो तोवर ते धडधडत राहते.

कोमा वेगळा. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या, पण श्वास त्यांचा स्वतःचा होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या मृत नाहीत असेच ठरवले.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला आहे. एका डॉक्टरच्या शब्दावर तो ठरत नाही. चार डॉक्टर लागतात, आणि अवयव बसवणाऱ्या पथकातला त्यांत कोणी चालत नाही. चाचण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास: डोळ्यांवर उजेड टाकतात, नळीने खोकला येतो का पाहतात, आणि मशीन बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का ते तपासतात. दोन्ही वेळा कधी तपासले, नमुना १० वर सह्या कोणाच्या, हे बेधडक विचारा. हा उद्धटपणा नव्हे, डॉक्टरही रागावू नयेत.

पाली सुत्तांत आयु, उष्मा आणि विज्ञान गेले की देह निपचित पडतो असे सांगितले आहे. इथे अडचण उष्म्याची. ती ऊब मशीनच्या श्वासावर टिकलेली असते. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये शरीरात ऊर्जा निर्माण होणे थांबणे अशी मरणाची एक बाजू मांडली आहे.

अवयवदानाला ‘नाही’ म्हणायचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे. ‘हो’ म्हटले, तर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च नियमाप्रमाणे दात्याच्या घरावर पडत नाही. त्याबदल्यात पैसे घेणे-देणे मात्र गुन्हा. अपघात असेल तर पोलिसांचे कागद लागतातच. नंतर टाके घालून देह घरी मिळतो. चेहरा तसाच असतो, बुद्धवंदना घेऊन अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो.