डिस्क अडखळते, दोष वयाचा नसतो

दहा-पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये लग्नाची डीव्हीडी घातली की चित्र जरा वेळ नीट चालतं, मग थबकतं, चौकोन चौकोन होऊन विस्कटतं आणि आवाज पुढे निघून जातो. यावर घराघरांत ठरलेलं निदान होतं : लॅपटॉप म्हातारा झाला, आता नवीन घ्या. कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांमध्ये २००५ ते २०१२ या काळातली लग्नं, मुंजी, बारशी डीव्हीडीवरच आहेत. जोडीला मराठी नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी असतात. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा या चकत्या भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागल्या. ती कंपनी २०१८मध्ये अवसायनात गेली, चकत्या मात्र कपाटात राहिल्या. त्या लावायचं यंत्र भंगारात काढण्याआधी ‘म्हातारा झाला’ हे निदान तपासून पाहायला हवं. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

कारण साधं आहे. डीव्हीडी लॅपटॉपकडे जे मागते, त्यात १९९६पासून काडीचाही बदल झालेला नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि अशी २५ चित्रं दर सेकंदाला दाखवायची असतात. चित्र, आवाज आणि उपशीर्षकं मिळून माहितीचा ओघ सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट, म्हणजे सव्वा मेगाबाइटच्या आसपास असतो. आठपट वेगाचा साधा लॅपटॉप ड्राइव्ह चकतीच्या कडेजवळ सेकंदाला ११ मेगाबाइट वाचू शकतो. मागणीच्या कितीतरी पट पुरवठा करण्याची ताकद त्यात आहे. चित्र उलगडण्याच्या कामाचं म्हणाल, तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तीनशे-चारशे मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ हे काम करत होता. २००९चा दोन गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा प्रोसेसर त्यात दमणं शक्य नाही. प्रोसेसर वयानुसार संथपणे गणित करू लागत नाही. तेव्हा जी डिस्क याच यंत्रावर २००९मध्ये सुरळीत चालली, ती आज अडखळत असेल, तर मधल्या काळात काहीतरी नेमकं बिघडलेलं आहे. नेमकं बिघडलेलं शोधता येतं.

शोधायची सुरुवात अडखळण्याकडे नीट पाहण्यापासून होते, कारण ते एका प्रकारचं नसतं. चित्र गोठलं, त्यावर चौकोन उमटले आणि त्याच वेळी ड्राइव्हची मोटर घरघरून पुन्हा पुन्हा वेग बदलू लागली, तर माहिती वाचण्यात अडचण आहे. हे चौकोन म्हणजे एमपेग-२ पद्धतीत चित्राचे पाडलेले १६ बाय १६ ठिपक्यांचे तुकडे. या पद्धतीत साधारण १२ ते १५ चित्रांच्या गटात पहिलंच चित्र पूर्ण साठवलेलं असतं आणि बाकीच्यांत फक्त बदल असतो. म्हणून पहिल्यात घुसलेली चूक पुढचा गट येईपर्यंत, सुमारे अर्धा सेकंद, पडद्यावर टिकते. उलट आवाज स्वच्छ चालू आहे, चित्र मात्र ठराविक लयीत धक्के खातं आहे आणि पंखा जोरात फिरतो आहे, तर माहिती वेळेवर पोहोचली आहे, उलगडण्याचं काम मागे पडतं आहे. तिसरा एक प्रकार आहे, हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसण्याचा. तो बिघाड नाहीच. टीव्हीसाठी चित्र एकाआड एक ओळींत साठवलेलं असतं, त्याचा तो परिणाम. प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की रेषा जातात. मोठ्या सिनेमाच्या दुहेरी थराच्या डीव्हीडीत मध्यावर एकदाच क्षणभर चित्र थांबतं, तेही लेझर वरच्या थरावर जात असल्यामुळे.

पहिले दोन प्रकार वेगळे करायची एक खात्रीची चाचणी आहे. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं. तिच्यातला ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा आणि तिथून लावून पाहायचा. (बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडीवर सांकेतिक कुलूप असतं, चाचणीसाठी त्या घेऊ नयेत.) उतरवलेली नक्कल सुरळीत चालली, तर प्रोसेसर, ग्राफिक्स, प्लेअर सगळे निर्दोष सुटले, दोष डिस्कमध्ये आहे किंवा ड्राइव्हमध्ये. नक्कल करणं दर वेळी एकाच जागी रखडत असेल तर डिस्क, आणि चार वेगवेगळ्या डिस्क रखडत असतील तर ड्राइव्ह. नक्कलही अडखळली तरच नजर यंत्राकडे वळवायची. एवढं केलं तरी रोग म्हशीला आणि औषध पखालीला हा प्रकार टळतो.

डिस्क बिघडते म्हणजे काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. ओरखडा पडला की माहिती गेली, असा समज असतो. तसं असतं तर एकही डिस्क महिनाभर टिकली नसती. अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेल्या पद्धतीने डीव्हीडीवर माहितीबरोबर जादा आकडे लिहिलेले असतात. ३२ किलोबाइटच्या प्रत्येक ठोकळ्यात आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी हे पहारेकरी बसवलेले असतात आणि चार-पाच मिलिमीटर सलग माहिती पुसली गेली तरी ती त्यांच्या जोरावर परत उभी करता येते. मात्र ओरखड्याची दिशा महत्त्वाची. माहिती सर्पिल रेषेत, म्हणजे गोल गोल लिहिलेली असते. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेरीतला थोडासाच भाग खातो आणि तो भरून निघतो. गोल दिशेचा ओरखडा एकाच फेरीतली सलग माहिती गिळतो. म्हणून डिस्क पुसताना मऊ सुती कापड केंद्राकडून कडेकडे सरळ ओढावं. गोल फिरवून पुसणारे नकळत सर्वांत घातक ओरखडे स्वतःच पाडतात. व्हीसीडीची गोष्ट आणखी नाजूक आहे. साध्या डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते, उरलेली जागा मुख्यतः दुरुस्तीच्या आकड्यांना दिलेली असते. व्हीसीडीत जास्त चित्र बसवण्यासाठी २३२४ बाइट भरलेले असतात, दुरुस्तीचा हा वरचा थर काढून टाकून. २८ रुपयांच्या चकतीवर नाटक मधेच फाटायचं त्यामागे हेही कारण होतं.

ड्राइव्हला माहिती सापडली नाही की तो तीच जागा पुन्हा वाचतो, वेग कमी करून परत वाचतो. प्लेअर तोवर आधी साठवलेल्या माहितीवर तग धरतो. पण व्हीएलसीसारख्या प्लेअरची ही शिदोरी मुळात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच, ३०० मिलिसेकंदांची असते. सेटिंगमध्ये ‘डिस्क कॅशिंग’चा आकडा एक-दोन हजारांवर नेला तर छोटे अडथळे दिसेनासे होतात.

इथपर्यंत दोष डिस्कचा. पण विंडोज एक्सपीच्या यंत्रांत याच दोषातून दुसरा, जास्त चिवट दोष जन्माला येत असे. ड्राइव्हकडून मेमरीत माहिती नेण्याच्या दोन रीती आहेत. डीएमए रीतीत माहिती परस्पर मेमरीत जाते आणि प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओ रीतीत प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. ड्राइव्हकडून सहा वेळा वेळेत उत्तर आलं नाही किंवा चुकीची माहिती आली, की एक्सपी त्या ड्राइव्हला एक पायरी खाली उतरवत असे, आणि असं होत होत शेवटी तो पीआयओवर येऊन बसे. सुरक्षिततेसाठी केलेली ही सोय होती, पण तिची आठवण पक्की होती. यंत्र बंद करून चालू केलं तरी ती जात नसे. म्हणजे एका ओरखड्यांच्या डिस्कने ड्राइव्ह पीआयओत ढकलला की पुढे कोरीकरकरीत डिस्कही तशीच धक्के खाई, प्रोसेसरचा काटा शंभराला टेकलेला असे आणि मालक समजे की यंत्र संपलं. उपाय पाच मिनिटांचा होता आणि आजही आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या प्रगत सेटिंगमध्ये चालू रीत कोणती ते पाहायचं. पीआयओ दिसलं तर तो चॅनल काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू करायचं. विंडोज तो चॅनल नव्याने ओळखतं आणि जुना राग विसरतं. हा प्रकार माहीत नसल्यामुळे किती चांगले लॅपटॉप भंगारात गेले असतील, याचा विचार न केलेलाच बरा. (एक्सपीला ८ एप्रिल २०१४पासून सुरक्षेचा आधार नाही. असं यंत्र डिस्कपुरतंच ठेवावं, इंटरनेटला जोडू नये.)

यावर एक रास्त आक्षेप येतो : यंत्रं जुनी होतात हे तर खरंच ना? होतात, पण ठराविक जागी. पंख्याच्या जाळीत धूळ बसते, प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. जाळी साफ झाली की वेग परत येतो. बॅटरीवर चालताना वीजबचतीचं सेटिंगही हेच करतं, म्हणून चाचणी चार्जर लावूनच करावी. लेझरच्या भिंगावर पुटं चढतात. लॅपटॉपचा सरकता ट्रे बाहेर ओढला की ते वाटाण्याएवढं भिंग ट्रेवरच समोर दिसतं. कॅमेऱ्याच्या भिंगासाठीच्या रबरी फुग्याने त्यावर हवा मारली तरी पुष्कळदा काम होतं. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते आणि तो रंग उष्णतेने, उन्हाने आणि दमटपणाने विटतो. तिचा परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो, आणि गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते. कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीच्या दुर्गंधीचा विषय इथे कुणालाही आठवेल, पण डिस्कचा दोष तिच्या माथी मारायची गरज नाही. ठाण्याच्या खाडीकाठची पावसाळी हवा त्या कामाला पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप : या लॅपटॉपवर यूट्यूबही अडखळतं, मग तो कमजोर नाही का? यूट्यूबचे आजचे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेले असतात. २००९च्या ग्राफिक्स चिपला त्या ठाऊक नाहीत, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. शिवाय फुल एचडी चित्रात डीव्हीडीच्या पाचपट ठिपके असतात. ती परीक्षा वेगळी, ही वेगळी. तिसरा आक्षेप पैशांचा, की दुरुस्तीपेक्षा नवा लॅपटॉप परवडेल. परवडेलही, पण आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपना डिस्कचा ड्राइव्हच नसतो, आणि विंडोज ८पासून डीव्हीडी चालवण्याची सोयही मूळ विंडोजमध्ये नाही. म्हणजे बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह आणि व्हीएलसी तरीही लागणार. मग तो ड्राइव्ह जुन्याच यंत्राला लावून पाहावा. जुन्या यूएसबीचा वेग डीव्हीडीला भरपूर पुरतो. फक्त मोटर सुरू होताना एका पोर्टची वीज कधी कमी पडते, तेव्हा दोन टोकांची वायर वापरून दोन पोर्टमधून वीज घ्यावी.

बाजारातला सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल, लग्नाच्या डीव्हीडीची दुसरी प्रत मिळणार नाही. म्हणून डिस्क सुरळीत चालू लागली की पाहत बसण्याआधी तिची नक्कल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका जागी ठेवा. आणि सगळं करूनही लॅपटॉप टाकायची वेळ आलीच, तर तो घंटागाडीत देऊ नका. मुंबईचा बहुतांश कचरा आज कांजूरमार्गलाच येतो, आणि गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच तो सोपवा.