बालकांच्या स्वच्छमंडलाच्या वक्रतेचे भुलेखालील मापन : एक विवेचन

प्रस्तावना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. जन्मजात मोतीबिंदूचाही तीत समावेश होतो. बाभुळगाव (जि. यवतमाळ) सारख्या ग्रामीण तालुक्यात असे बालक आढळल्यास त्याला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवावयाचे असल्यास नेत्रगोलाची लांबी व स्वच्छमंडलाची, म्हणजेच कॉर्नियाची, वक्रता ही दोन मापे आवश्यक ठरतात. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मापाचा विचार केला आहे.

मापनाचे तत्त्व

स्वच्छमंडल बहिर्वक्र आरशाप्रमाणे प्रकाश परावर्तित करते. केरॅटोमीटर त्यावर प्रकाशित खुणा टाकतो व त्यांच्या प्रतिमेच्या आकारावरून वक्रता-त्रिज्या काढतो. ३३७.५ या संख्येस मिलिमीटरमधील त्रिज्येने भागल्यास डायॉप्टरमध्ये शक्ती मिळते. त्रिज्या ७.५ असता ती ४५ येते; तीच त्रिज्या ७.३ मोजली गेल्यास सुमारे ४६.२ येते. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या चुकीमुळे कृत्रिम भिंगाची शक्ती सुमारे एक डायॉप्टरने चुकते.

भुलेखालील अडचणी

प्रौढ व्यक्ती खुणेकडे स्थिर नजरेने पाहते. लहान मूल तसे पाहू शकत नाही. म्हणून संपूर्ण भूल देऊन हातात धरावयाच्या केरॅटोमीटरने मापन करतात. मात्र भुलेखाली डोळा वर किंवा बाजूस वळतो, पापणी मिटत नसल्याने अश्रूंचा थर सुकतो आणि पापण्या उघड्या ठेवणाऱ्या उपकरणाचा दाब पडल्यास वक्रताच बदलते. यास्तव डोळा मध्यभागी आणणे, पृष्ठभाग ओलसर ठेवणे, दाब टाळणे, डोळ्यास स्पर्श करणाऱ्या अन्य तपासण्यांपूर्वी हे मापन करणे व वाचने पुन्हा घेऊन पडताळणे आवश्यक असते. नवजात बालकाचे स्वच्छमंडल अधिक वक्र असून पहिल्या काही महिन्यांत ते झपाट्याने सपाट होते. त्यामुळे प्रौढांची सरासरी येथे वापरता येत नाही.

समारोप

बालकाचा डोळा वाढत असल्याने शस्त्रचिकित्सक भिंगाची शक्ती बहुधा हेतुतः कमी ठेवतात. वाढीचा हा अंदाज कितीही काळजी घेतली तरी चुकू शकतो. मापनातील चूक मात्र बरीचशी टाळता येते. ती राहिल्यास व चष्म्याने वेळीच दुरुस्त न झाल्यास डोळा मंददृष्टी होण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या या काही मिनिटांना शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे.