आरोग्याची भाषा आणि मिशनचा दवाखाना

आमच्या साहित्यसभांत भाषेचा विचार बहुधा वाङ्मयाच्या अंगाने होतो. रोगी आणि वैद्य यांच्यात जे बोलणे होते, तेही भाषेचेच क्षेत्र आहे, इकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. ख्रिस्ती मिशनांच्या वैद्यकीय कार्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, कारण तेथे हा प्रश्न केवळ शब्दांचा न राहता जीविताचा झाला.

‘स्वस्थ’ म्हणजे आपल्या ठायी स्थित असलेला. सुश्रुताने स्वस्थाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये रोग्यास बरे करणे आणि मनुष्यास तारणे या दोन्ही अर्थी ‘सोझो’ हे एकच क्रियापद येते. मराठी भाषांतरकारास मात्र प्रसंग पाहून ‘बरे करणे’ व ‘तारणे’ यांतून निवड करावी लागते. शब्द दुभंगला म्हणून कार्य दुभंगले असे म्हणणे धाडसाचे होईल; तथापि मिशनच्या आवारात प्रार्थनामंदिर एका बाजूस व दवाखाना दुसऱ्या बाजूस अशी वाटणी पुष्कळ काळ चालली, हे खरे.

त्या दवाखान्यांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. डॉ. वानलेस यांनी मिरजेस १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाचे नाव सीमाभागातील जुन्या घराण्यांतून आजही कृतज्ञतेने घेतले जाते. परंतु रुग्णालय कितीही उत्तम असले तरी ते दारी येणाऱ्याची वाट पाहत असते. जो येत नाही, त्याचे काय? चर्चसंस्थांच्या प्रतिनिधींनी १९६४ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे एकत्र बसून रोगनिवारणाचे कार्य एकट्या डॉक्टराचे की सर्व मंडळीचे, या प्रश्नाचा ऊहापोह केला. पुढे १९६८ मध्ये चर्चच्या जागतिक परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापिला.

या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी मुलखातच घडले. डॉ. रजनीकांत आरोळे हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातच वाढलेले. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या तमिळ घराण्यातल्या. दोघांचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानी आले, की बरे करून पाठविलेले रोगी त्याच टाळता येण्याजोग्या रोगांनी पुन्हा परत येतात. १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आरोळ्यांना भाषांतरकाराची गरज नव्हती. त्यांची मराठी त्याच जिल्ह्यातील होती. तरीही शिकलेल्याची मराठी आणि वस्तीवरील बाईची मराठी यांत अंतर राहतेच. समुद्र ओलांडून आलेला मिशनरी आपण परका आहोत हे निदान जाणून असतो. स्वभाषक डॉक्टरास ते जाणवतही नाही. (आम्हां शिक्षकांना हे नवे नाही. मुलांनी माना डोलावल्या म्हणजे त्यांना कळले, असे आम्ही किती वेळा समजून चालतो!)

एक उदाहरण घेऊ. जुलाब होणाऱ्या मुलास पाणी पाजू नये, पाजल्यास जुलाब वाढतात, ही खेड्यापाड्यांतील समजूत. तेथे ‘निर्जलीकरण’ हा शब्द उच्चारून काय उपयोग? परंतु मुलाची टाळू खोल गेली, डोळे ओढले गेले, हे आईला दिसतेच. ‘पाणी सुकले की रोप मान टाकते, तसेच लेकराचे’ एवढे कोणी तिच्या बोलीत सांगितले, तर पुढील व्याख्यानाची गरज उरत नाही. साखर, मीठ आणि पाणी यांच्या त्या साध्या मिश्रणास मराठीत ‘जलसंजीवनी’ हे नाव मिळाले, ते आम्हांस मोठे मार्मिक वाटते. शुक्राचार्यांची विद्या ज्या समाजाने कथा-कीर्तनांतून ऐकली आहे, त्याला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही.

मग हे सांगणार कोण? जामखेडला प्रारंभी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत राहण्यास पाठविण्याचा प्रयोग झाला; तो फारसा रुजला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रीला शिकवावे असे ठरले. या स्त्रिया बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातील. त्या नियमाने जामखेडला येत, मुक्काम करीत आणि शिकत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंगतीस बसणे हाही शिक्षणाचाच भाग होता. आरोग्य समग्र मानावयाचे तर अस्पृश्यतेस रोगांच्या यादीतून वगळता येत नाही. म्हणूनच दुष्काळाच्या वर्षांत कूपनलिकांच्या जागा दलित वस्तीत निवडण्यात आल्या आणि पाण्यासाठी इतरांची पावले तिकडे वळली. कुष्ठरोग्यांस निराळा दवाखाना न काढता इतर रोग्यांबरोबरच तपासण्यात येऊ लागले. धर्मांतराची अट कोठेही नव्हती.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० नंतरच्या काही वर्षांत हे प्रमाण विसाच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ग्रंथात जामखेडचा वृत्तान्त समाविष्ट झाला, १९७८ मध्ये आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या एका कार्यकर्तीने वॉशिंग्टन येथील परिषदेत डॉक्टरांस झुंबराची आणि स्वतःस लहानशा दिव्याची उपमा दिली. झुंबर दिवाणखान्यातच शोभते, दिवा मात्र झोपडीत नेता येतो व त्यावर दुसरा दिवा लावता येतो, असा तिचा आशय होता. ‘अलंकार’ हा विषय शिकविणाऱ्या आम्हां लोकांस याहून चांगले उदाहरण क्रमिक पुस्तकांत क्वचितच सापडेल.

२००५ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगावी स्त्री कार्यकर्ती नेमण्याचे ठरविले. तिचे ‘आशा’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे बनलेले आहे. मराठी गावांत मात्र कोणी ती अक्षरे सोडवीत बसले नाही. त्यांनी तिला ‘आशाताई’ म्हणावयास आरंभ केला.