दगडांतलीं सागरकमळें



बिबवेवाडीच्या टेकडीवर हातोडी घेऊन गेलांत, तर आजच्या विषयाचा एकही नमुना आपणांस सांपडणार नाहीं. तेथील काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तप्त लाव्हारसापासून बनला. उलट, एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकांत सागरकमळांचे तुकडे आहेत. कारण तो खडक चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं घडला.

सागरकमळ हें फूल नव्हे, तारामाशाचा आप्त असा प्राणी आहे. 1821 सालीं मिलर ह्या संशोधकानें लिलीवाचक ग्रीक शब्दावरून ह्या वर्गास 'क्रिनॉइडिया' हें नांव दिलें. त्याचा देंठ नाण्यांच्या चळतीप्रमाणें चुन्याच्या चकत्यांचा असे. देंठावर चषक, चषकांत पोट, वरच्या बाजूस तोंड आणि सभोंवार बाहु. वाहत्या पाण्यांतील सूक्ष्म जीव बाहूंवरील नाजूक नलिकापाद टिपीत व खोबणींतून तोंडाकडे पोंचवीत. कोणाचा देंठ उंच, कोणाचा आंखूड. त्यामुळें एकाच तळावर अनेक जाति निरनिराळ्या थरांतील पाण्यावर पोसल्या जात.

प्राणी मेला कीं सांधे कुजत आणि चकत्या विखुरत. इंग्लंडांतील लिंडिस्फार्न बेटावर अशा चकत्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत व त्यांच्या जपमाळा करीत. मणी विपुल, पण नुसत्या मण्यावरून धन्याचें कूळ सहसा ठरत नाहीं. तें ठरतें चषकाच्या तुकड्यांच्या मांडणीवरून. ज्यांत बाहूंचे खालचे भाग चषकांत घट्ट सांधलेले व तोंडावर पक्कें छप्पर, तीं कॅमेराटा. ज्यांत ते भाग सैल सांध्यांनीं चषकास जोडलेले, तीं फ्लेक्सिबिलिया. बाहु मोकळे असणाऱ्यांचा इनॅड्युनाटा हा तिसरा गट पूर्वीं मानीत. परंतु तीं सारीं एका वंशाचीं नाहींत असें दिसून आल्यावर तो मोडण्यांत आला. वरवरच्या साम्यास नातें समजण्याची चूक येथें झाली होती.

सुमारें 25 कोटि वर्षांपूर्वीं पर्मियन युगाच्या अखेरीस सागरी जीवांचा महासंहार झाला. कॅमेराटा व फ्लेक्सिबिलिया दोन्ही नाहींशीं झालीं. वांचलेल्या अल्प शाखेपासून आजचीं सर्व सागरकमळें, म्हणजे आर्टिक्युलाटा, आलीं. त्यांतील देंठाचीं बहुतेक खोल समुद्रांत राहतात. इतर पुष्कळ लहानपणींच देंठ सोडून हिंडूं लागतात.

तेव्हां एखाद्या संग्रहालयांत मध्यें भोंक असलेली दगडी चकती दिसली, तर क्षणभर थांबा. ती फुलाची पाकळी नाहीं कीं मणीहि नाहीं. एका गेलेल्या घराण्याचा तो उरलेला दुवा आहे.