फटफटीचा टायर : टिकाऊ घ्यावा की पकड धरणारा?



मृग तोंडावर आला की आपण पेरणीची अवजारे नीट करतो, बियाणे निवडतो, घर शाकारतो. दारातल्या फटफटीच्या टायरकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. दूध डेअरीला न्यायचे, वैरणीचा भारा आणायचा, पोरांना शाळेत सोडायचे, आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचे, ही सगळी कामे आता तिच्यावरच आहेत. आणि टायर घ्यायला गेलो की दुकानात आपला प्रश्न एकच असतो : "किती किलोमीटर जाईल?" मीही वर्षानुवर्षे हेच विचारत आलो.

२०२२ च्या जूनमध्ये माझा पुतण्या वहिनींना घेऊन बाजाराला निघाला. आमचा भाग नीरेच्या काठचा, ऊस आणि दुधाचा. पहिला पाऊस नुकताच शिंपडून गेला होता. कॅनॉलच्या वळणावर शेळी आडवी आली, त्याने ब्रेक दाबला आणि पुढचे चाक सटकले. वेग तिशीचाही नव्हता. त्याला खरचटण्यावर निभावले, पण वहिनींचे मनगट मोडले. ऐन पेरणीत दीड महिना हात प्लास्टरमध्ये. धारा, भाकरी, खुरपणी, सगळेच अडले. घरची बाई अडली म्हणजे काय होते, हे आपणांस सांगायला नको.

पुतण्या म्हणाला, "तात्या, मागचा टायर मी दिवाळीत नवा टाकला होता. आणि पुढच्याची नक्षी बघा की, अजून शाबूत आहे."

नक्षी खरोखरच शाबूत होती. पंक्चरवाल्याने त्या रबरावर नख दाबून दाखवले, नख उमटेना. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले : ३११३. म्हणजे २०१३ सालातला एकतिसावा आठवडा. टायर जवळजवळ नऊ वर्षांचा होता. उन्हातान्हात राहून तो लाकडासारखा झाला होता. झिजला नाही याचे आम्हाला कौतुक होते, पण न झिजण्याचे कारणच मुळी तो कडक झाला हे होते!

यातली मेख अशी आहे. डांबरी रस्ता दिसतो सपाट, पण त्यात खडीच्या बारीक बारीक कडा असतात. मऊ रबर त्या कडांच्या फटीत दबून बसते, म्हणून रस्ता धरून ठेवते. कडक रबर कडांच्या वरवर सरकते. सारवलेल्या ओल्या अंगणात अनवाणी चाललात तर पाय धरतो, लाकडी खडावा घातल्या तर घसरतो. तसेच हे आहे. पण मऊ रबर जितके धरते तितके घासलेही जाते, म्हणून लवकर संपते. शिवाय ते जास्त दबते, त्यामुळे पेट्रोलही थोडे जास्त खाते. टायर बनवणाऱ्याला या तिन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागतो. एक वाढवली की दुसरीला थोडे द्यावेच लागते.

जाता जाता एक गंमत. हवेचा टायर पहिल्यांदा चालता केला तो १८८८ साली बेलफास्ट गावी डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. रबराचा चीक पांढरा असतो. टायर काळा दिसतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. ही काजळी घालू लागल्यावरच टायर खऱ्या अर्थाने टिकू लागले.

आता मुद्द्याचे. इंजिनाची सगळी ओढ मागच्या चाकावर, ओझेही तिकडेच. म्हणून मागचा टायर भराभर झिजतो; बहुधा पुढचा एक संपेपर्यंत मागचे दोन होतात. ब्रेक लावला की मात्र गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते. मागचे घसरले तर पुष्कळदा गाडी सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खालीच. तेव्हा माझे मत असे की मागे टिकाऊ टायर जरूर घ्यावा, दूध घालणाऱ्याला तोच परवडतो. पुढे मात्र पकडीचा घ्यावा, आणि नक्षी उरली असली तरी पाच-सहा वर्षांत तो काढावा. पुढचा मुळातच सावकाश झिजतो, त्यामुळे मऊ घेतल्याने खिशाला फार तोशीस पडत नाही.

घेताना एकच माप बघून भागत नाही. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना दोन्हीकडे ८०/१०० - १८ हेच माप असते, पण मापापुढे आणखी एक आकडा असतो. ४७ असेल तर तो टायर १७५ किलो पेलतो, ५४ असेल तर २१२ किलो. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. त्यात गाडीचा आणि स्वाराचा भार मिळवा, ५४ चा टायरसुद्धा काठावर येतो. तिथे स्वस्त मिळाला म्हणून ४७ चा बसवू नका.

हवेबाबत आपण फारच बेफिकीर. हवा कमी असली की टायर कडेने झिजतो आणि तापतो, जास्त असली की मधोमध झिजतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मागच्या चाकाला एकट्यासाठी २८ पौंड आणि मागे माणूस असेल तर ४१ पौंड लिहिले आहे. एवढा फरक! तुमच्या पुस्तिकेत बघून घ्या, आणि आठवड्यातून एकदा गाडी थंड असताना हवा तपासा. काहीजण पुढच्या ब्रेकला भिऊन फक्त मागचा दाबतात. त्याने चाक अडकून फरफटते आणि टायर एका जागी सोलवटतो. दोन्ही ब्रेक मिळून, सावकाश लावावेत. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले, पण आपल्या खेड्यांत जुन्या गाड्याच पुष्कळ.

टायर गोटा झाला की नाही, हे कसे ओळखावे? कायद्याने दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. आगपेटीतली काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. काडी नक्षीच्या चरीत उभी धरा, बुडली तेथे नखाने खूण करा, आणि ती लांबी काडीच्या जाडीशी ताडून पाहा. जाडीएवढीही भरली नाही तर कायद्यात बसत असला तरी त्या टायरवर पावसाळा काढू नये. चरी पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. उथळ झाल्या की पाणी रबराखालीच राहते. गोट्यावर रबर चढवून घेणे किंवा चरी कोरून घेणे हे धंदे तर मुळीच करू नका.

शेतात जायचे म्हणून बटणाचा टायर घेणारेही भेटतात. वीस किलोमीटर डांबरी आणि अर्धा किलोमीटर पाणंद असेल तर तो टायर डांबरावरच संपतो, ओल्या डांबरावर कमी धरतो. आणि काळ्या रानाच्या चिखलात मडगार्ड गच्च भरले की कोणताच टायर चालत नाही. गाडी बांधावर लावून पायी गेलेले बरे.

एक गोष्ट आपल्यालाच बोलायला हवी. रस्त्यावर ज्वारी-हुलग्याचे खळे आपणच घालतो, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल आपणच डांबरावर सांडतो. दाण्यांवर आणि भुसकटावर नवा कोरा टायरही घसरतो.

टायर बदलायचा तो वैशाखातच बदलावा. नव्या टायरचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो; पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलती करू नये, ब्रेक जोरात दाबू नये. एवढे अंतर कोरड्या रस्त्यावर झाले की मृगाच्या सरीपर्यंत टायर तयार होतो.