नऊ एकांचा वर्ग

सुर्ल्यास श्रावणाचा पाऊस एकदा लागला म्हणजे डिचोलीच्या बाजारापर्यंत जाणेही नकोसे होते, आणि अशा दिवशी सोप्यावर बसून कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांनी एखाद्या विशाल संख्येची कसून झडती घेणे, यासारखे चित्त गुंतविणारे दुसरे काम मला ठाऊक नाही. डहाणूस १९०५ साली जन्मलेल्या व देवळालीच्या शाळेत शिक्षकी करीत आजन्म संख्यांचाच ध्यास घेतलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ज्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले, त्यांतील १११११११११ चा वर्ग मी हाती घेतला.

गुणाकाराच्या नऊही ओळी एकसारख्याच असल्या, तरी प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकत गेल्याने उजव्या टोकाच्या रकान्यात एक, त्याच्या शेजारी दोन, अशी बेरीज चढत चढत मधल्या रकान्यात नऊ होते आणि तेथून पुन्हा एकापर्यंत उतरते. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, व १२३४५६७८९८७६५४३२१ हे सतरा अंकी उत्तर आपोआप उभे राहते. ताळा पाहताना मी नऊचा सोडून अकराचा घेतला, कारण शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले तर नऊच्या ताळ्यास त्याचा पत्ताच लागत नाही; अकराने मूळ संख्येची बाकी एक, आणि वर्गाचीही एकच.

खरा कस लागतो तो अवयव पाडताना. नऊ एकांचे ३ × ३ × ३७ × ३३३६६७ एवढे सहज होते; परंतु ३३३६६७ मूळ आहे काय, हे ठरविण्यास ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहण्याचा प्रसंग येतो. येथे थोडा विचार पुष्कळ श्रम वाचवितो: या संख्येचा कोणताही मूळ अवयव अठराने भागला असता बाकी एकच उरली पाहिजे, असे सिद्ध करता येते, आणि मग १९, ३७, ७३ येथपासून ५७७ पर्यंत अवघे सतराच उमेदवार उरतात. त्यांपैकी एकानेही निःशेष भाग जात नाही. शेवटच्या ५७७ ने बाकी १६१ राहते, आणि ३३३६६७ मूळ ठरते.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकर हर्षद संख्या म्हणत. आपल्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. शिवाय हा भागाकार स्वतःच १२३४५६७९ चा वर्ग आहे, हे पाहून मला जो आनंद झाला तो लपविण्याचे काही कारण दिसत नाही.

त्याच भरात मी दहा एकांचा वर्ग मांडला. मधल्या रकान्यात दहा भरले, प्रथमच हातचा घ्यावा लागला, आणि उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. त्याच्या अंकांची बेरीज ८२, आणि संख्या विषम. तेव्हा ८२ ने तिला भाग जाण्याचा प्रश्नच उरला नाही.